नाडीवर मुरलेला चहा

आईवडिलांना बाजूला ठेवून, मला घडवणाऱ्या एकाच माणसाचं नाव घ्यायचं झालं, तर मी डॉक्टरकाकांचं घेईन. त्यांचं कागदोपत्री नाव दारावरच्या पितळी पाटीवर होतं. पाटी काळवंडून गेली होती आणि मी त्या नावाने त्यांना कधी हाकही मारली नाही. मँचेस्टरला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहिलो, तिथेच माझं एमएस्सी झालं. मी करमाळ्याचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आणि आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. आज इथल्याच रीडिंग गावातल्या एका ऑफिसात गळ्यात ओळखपत्र अडकवून मी बसतो, त्याचं श्रेय लोक युनिव्हर्सिटीला देतात. ते चुकीचं नाही. पण त्यातला बराचसा भाग युनिव्हर्सिटीत घडलेला नाही. तो डॉक्टरकाकांच्या स्वयंपाकघरात, चहाच्या किटलीपाशी घडला.

काका मूळचे वर्ध्याचे. तरुणपणी इथल्या सरकारी हॉस्पिटलात आले आणि भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले. "जन्मभर लोकांना झोपवलं," असं ते कुणाला ओळख करून देताना म्हणायचे, "आता जागं ठेवून राहिलो." म्हणजे चहा पाजत होते.

त्यांची चहा करण्याची पद्धत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पाणी दर वेळी ताजं. एकदा उकळलेलं पाणी पुन्हा उकळायचं नाही, ते गार करून खिडकीतल्या कुंडीला घालायचं. चिनीमातीची गोल किटली आधी गरम पाण्याने विसळायची. मग पत्ती, मग पाणी, मग झाकण आणि झाकणावरून लोकरीची टोपी. ही टोपी काकूंनी विणलेली. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. टोपी घातली की काका खुर्चीत बसायचे, डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. चहा किती वेळ मुरू द्यायचा हे ते घड्याळावर बघत नसत, स्वतःच्या नाडीवर मोजत. ठरलेले ठोके झाले की डोळे उघडून ओतायचे.

"घड्याळ का नाही लावत तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"घड्याळाला सेल लागतात. हे बिनसेलाचं आहे," ते म्हणाले. "शिवाय रोज खात्री होते, आहोत अजून."

पाहुणा आला तर त्याचं मनगट धरायचे. एकाच पत्तीचा, एकाच पाण्याचा चहा माणसागणिक वेगळा होतो असं त्यांचं म्हणणं. शांत माणसाची नाडी सावकाश, म्हणून त्याचा चहा कडक. घाईतल्या माणसाचा पांचट. पहिल्यांदा आलेली माणसं हात मागे घ्यायची, काहीतरी दुखणं सापडेल या भीतीने. काका सोडायचे नाहीत. "फी घेत नाही, घाबरू नका," म्हणायचे.

मी खोली बघायला गेलो त्या दिवशी बाहेर मँचेस्टरची नेहमीची भुरभुर चालू होती. ट्राम स्टॉपपासून चालत येईपर्यंत जॅकेट ओलं झालं होतं आणि बोटं आखडली होती. त्यांनी दार उघडलं, आत बसवलं, केटल लावली.

"चहा घेणार?"

"नको, नको."

आमच्याकडे हेच शिकवतात. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा' म्हणायचं आणि भरलेला कप प्यायचा. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे सगळं सुरळीत पार पडतं. काकांनी मात्र माझ्यासाठी काढलेला कप शांतपणे कपाटात परत ठेवला. मग स्वतःचा चहा केला, त्यात खिडकीतल्या कुंडीतलं गवती चहाचं पातं चुरगळून टाकलं, आणि माझ्यासमोर बसून सावकाश प्याले. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मी भिंतीकडे बघत बसलो.

कप विसळताना ते म्हणाले, "हवा होता ना?"

"हो."

"मग हो म्हणायला काय झालं होतं बे? या देशात एकदाच विचारतात. नको म्हटलं की कप कपाटात गेला समज."

चहा त्या दिवशी दिलाच नाही. खोली मात्र दिली.

हा धडा मला जन्मभर पुरला. पुढे नोकरीत मॅनेजरने विचारलं, हे काम तू अंगावर घेशील का, तेव्हा माझ्या तोंडात 'नाही, मी कुठला, दुसऱ्या कुणाला द्या' असंच आलं होतं. आमच्याकडे ती विनयाची रीत आहे. पण डोळ्यांसमोर तो कपाटात परत जाणारा कप आला आणि मी हो म्हणून टाकलं. ऑफिसातले माझ्यासारखे किती तरी लोक अजून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसलेले दिसतात. त्यांना मी काकांची गोष्ट सांगतो.

चहाविषयी मला काहीही माहीत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. मी दुकानातून ग्रीन टीचं पाकीट आणलं होतं. ते बघून म्हणाले, "हे झाड कुठलं, ठाऊक आहे?"

"ग्रीन टीचं."

"आणि काळ्या चहाचं?"

"काळ्या चहाचं."

त्यांनी सफरचंद घेतलं, एक फोड कापून बशीत ठेवली, दुसरी कापून लगेच उकळत्या पाण्यातून काढली आणि शेजारी ठेवली. मग माझ्याशी क्रिकेटवर बोलत बसले. बऱ्याच वेळाने बशी पुढे सरकवली. पहिली फोड तांबूस झाली होती, दुसरी तशीच पांढरी होती.

"झाड एकच. पान खुडलं, चुरडलं आणि हवा लागू दिली की काळं होतं. हा तुझ्या आईचा चहा. खुडल्याबरोबर वाफ दिली, भाजलं, की हिरवं राहतं. हा या पाकिटातला. मधल्या कुठल्या टप्प्यावर थांबवलं तर मधल्या जाती. सगळी एकाच आईची लेकरं, कुणाला किती वेळ वाऱ्यावर खेळू दिलं एवढाच फरक. आणि हिरव्यावर खळखळतं पाणी ओतू नको. थोडं निवू दे, नाहीतर कडू होतो आणि लोक म्हणतात ग्रीन टी वाईट."

"आणि हा गवती चहा?"

"ते गवत आहे. पुदिना, कॅमोमाइल, ती सगळी पाल्याची पाणी. चांगली आहेत, पण चहा नाहीत." असं म्हणून कुंडीतलं आणखी एक पातं त्यांनी तोडलं. ती कुंडी काकूंची होती. थंडी सुरू झाली की ती बागेतून घरात यायची, आणि उन्हाचा दिवस दिसला की काका तिला दोन्ही हातांनी उचलून दाराबाहेर बसवायचे, संध्याकाळी पुन्हा आत. तिच्या बाबतीत त्यांचे नियम सैल होते.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते गेले की बायाबापड्या त्यांना घेरायच्या. रिटायर झालेला डॉक्टर फुकट मिळतो, त्यातून चहाचा जाणकार.

"डॉक्टर, ग्रीन टीने वजन उतरतं का हो?"

"उतरतं की. आणायला दुकानापर्यंत चालत गेलात तर."

"आणि तो डिटॉक्स टी?"

"वहिनी, तुमचं लिव्हर आणि तुमच्या किडन्या इतकी वर्षं रजा न घेता ते काम करून राहिल्या. त्यांचा असा अपमान करू नका."

"मसाला चहाने सर्दी जाते म्हणतात."

"सर्दी आपली आपण जाते. चहा तोवर सोबत करतो."

लोक हसायचे आणि जरा नाराजही व्हायचे, कारण त्यांना चमत्कार हवा असायचा. चहाचे गुण काका नाकारत नसत. तरतरी येते, चित्त लागतं, कॉफीपेक्षा जरा सौम्यपणे. साखर न घालता बेताने पिणाऱ्यांच्या काळजाला कदाचित फायदा होतो. त्या 'कदाचित'वर ते नेहमी जोर द्यायचे. "अभ्यासात कदाचित असतं," ते म्हणायचे, "पाकिटावर छापेपर्यंत त्याचं नक्की होतं." दुपार टळल्यावर स्वतः चहा घेत नसत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या झोपेची काळजी घेतली, आता आपल्या झोपेची घेतो, हे कारण.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

पहिल्या टर्मच्या शेवटाला मी खचलो होतो. लायब्ररीच्या जिन्यात मध्येच थांबायला लागायचं. लेक्चरला डोळे मिटायचे. एक ओळ वाचून झाली की आधीची ओळ आठवायची नाही. बरोबरची पोरं, कुणी दिल्लीचं, कुणी लागोसचं, भराभर पुढे चालली होती. मला खात्री झाली की करमाळ्याचं डोकं इथे पुरत नाही. बाबांना फोन करून परत येतो म्हणून सांगायचं ठरवलं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. बाबांनी डेपोतल्या सगळ्यांना पेढे वाटले होते, त्यामुळे ते वाक्य तोंडातून निघत नव्हतं, एवढंच.

एका रविवारी दुपारी काकांनी हाक मारली. किटलीवर टोपी होती. "आण हात," म्हणाले. मनगट धरलं, डोळे मिटले, ठोके मोजले, ओतलं.

चहा फिकट झाला. वाळलेल्या गवताच्या रंगाचा. काकांनी कप खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि न पिता खाली ठेवला.

"पळत आलास?"

"नाही. खोलीतूनच आलो."

"कुणाशी भांडून?"

"नाही."

त्यांनी पुन्हा मनगट धरलं. त्या स्वयंपाकघरात त्यांना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी माझी खालची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली, नखं बघितली. चहाचं खूळ असलेला म्हातारा क्षणात कुठे गेला कळलं नाही. समोर डॉक्टर बसला होता.

"जेवतोस काय?"

"सकाळी चहा-चपाती."

"दुपारी?"

"टोस्ट. चहा."

"आणि रात्री?"

"खिचडी लावतो कधी. नाहीतर चहा-चपातीच. चपाती चहात बुडवली की भाजीची गरज नाही पडत. पालक केला तर त्यावरही चहा घेतो, सवय आहे."

आमच्याकडे चहा-चपाती हा नाश्ता आहे. मुलं त्यावर शाळेत जातात, बापे कामावर जातात. पण घरी दुपारी भाकरी असते, डाळ असते, आईची नजर असते. मी त्या नाश्त्याचं तिन्ही त्रिकाळचं जेवण करून टाकलं होतं आणि त्याला शहाणपणा समजत होतो.

"चहात टॅनिन असतं," काका म्हणाले. "तोंड तुरट होतं ना, ते त्याने. डाळीत, पालेभाजीत जे लोह असतं त्याला ते पोटातच धरून बसतं, रक्तात जाऊ देत नाही. चांगलंचुंगलं जेवणाऱ्याचं निभून जातं. तू आधीच खातो चिमणीएवढं, त्यावर हा पहारेकरी बसवून राहिला."

मी म्हणालो, "काका, मी परत जायचं म्हणतोय. मला झेपत नाही इथलं. डोकं कमी पडतंय."

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. टेबलावर तो फिकट चहा तसाच निवत होता.

"डोकं कमी नाही पडत. हिमोग्लोबिन कमी पडतंय, असं मला दिसतं," ते म्हणाले. "जायचं असेल तर जा, मी अडवणारा कोण? पण ते आधी भरून काढ आणि मग ठरव. रिकाम्या रक्ताने माणसाने निर्णय घेऊ नये."

दुसऱ्या दिवशी मला स्वतः जीपीकडे, म्हणजे भागातल्या सरकारी डॉक्टरकडे, घेऊन गेले. वाटेत बजावलं, "आणि सगळं चहावर ढकलून मोकळा होऊ नको. तरण्या पोराचं रक्त कमी होतं म्हणजे आणखी काही आहे का ते बघायलाच हवं. सांगतील त्या सगळ्या टेस्ट करायच्या." केल्या. रक्त चांगलंच कमी निघालं, दुसरं काही निघालं नाही. गोळ्या सुरू झाल्या. घरात नवा कायदा आला. जेवणानंतर तासभर चहाचं नाव काढायचं नाही. वरणावर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह अंगी लागतं. गोळी संत्र्याच्या रसाबरोबर, चहाशी तिची गाठ पडू द्यायची नाही. वरण मात्र काकाच लावायचे, दोघांपुरतं, आणि वर हाक मारायचे, "चल रे, औषध घ्यायला ये."

मग वसंतात कधीतरी बागेत डॅफोडिलची फुलं आली होती, कुंडी बाहेर ठेवली होती, आणि काकांनी पुन्हा माझ्या मनगटावर चहा केला. कप खिडकीच्या उजेडात धरला. तांबूस, स्वच्छ, जसा हवा तसा. "आता बरोबर रंग आला," म्हणाले, आणि एका दमात प्याले. माझा रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. मी तो उघडायची घाई केली नाही.

परत जायचा विषय मी पुन्हा काढलाच नाही.

पदवीदान समारंभाला आईबाबा आले. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. बाबांनी डेपोतल्या कुणाचा तरी कोट आणला होता, तो खांद्यांत सैल होता. काकांच्या स्वयंपाकघरात ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"चहा घेणार?" काकांनी विचारलं.

"नगं, नगं. आत्ताच झालाय," बाबा म्हणाले.

आता कप कपाटात जाणार. मी मध्ये बोलणार, एवढ्यात काका म्हणाले, "असं कसं? घ्या थोडा."

"कशाला उगं तरास."

"त्रास कसला! लांबून आलात. घ्या."

"बरं. अर्धा द्या मग."

मी बघतच राहिलो. हा माणूस कुणालाही दुसऱ्यांदा विचारत नाही, हे साऱ्या मंडळाला ठाऊक होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी किटलीवर चढली आणि त्यांनी बाबांचं मनगट धरलं.

बाबा दचकले. "काय झालंय का मला?"

"काही नाही. तुमच्या नाडीवर चहा मुरून राहिला. हलू नका."

बाबा खरंच हलले नाहीत. इंजिन ऐकताना जसे मान कलती करून थांबतात तसे थांबले. आई तोंडावर पदर धरून हसत होती.

चहा मगमध्ये आला. बाबांनी मग उचलला, पुन्हा ठेवला, इकडेतिकडे बघितलं. ते नेहमी बशीतून पितात. इथे बशी नव्हती, आणि मागायचा त्यांना संकोच वाटत होता. मला कळत होतं आणि तरी माझं तोंड उघडत नव्हतं. काका उठले, स्टुलावर चढले आणि सर्वांत वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. आत काकूंचा टी-सेट होता, निळ्या किनारीचा. तो मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी कपबश्या धुतल्या, चहा ओतला, आणि आधी स्वतः बशीत काढून फुर्रकन प्याले.

"अति गरम चहा अन्ननलिकेला वाईट," ते बाबांना म्हणाले. "इकडचे लोक तोंड भाजून घेतात आणि मग पितात. बशी ही फार चांगली सोय आहे. माझी बायको अशीच प्यायची, मी तिला हसायचो." आणि पुन्हा बशी भरली.

दोघे समोरासमोर बसून फुर्र फुर्र करत चहा पीत होते. मी काळा गाऊन हातावर घेऊन उभा होतो. त्या दिवसाचे समारंभाचे फोटो आहेत, पण मला आठवतो तो हा फोटो, जो कुणी काढला नाही. बाबा अजूनही करमाळ्यात सांगत असतात, "डाक्टरनं माझ्या नाडीवर चहा केला."

नोकरी रीडिंगला लागली. निघताना काकांनी गवती चहाचा एक फुटवा कुंडीत लावून दिला. रीडिंगला पोचून मी त्यांच्याच पद्धतीने चहा केला आणि वर एक तवंग आला, जणू तेल सांडलंय. पुन्हा केला, पुन्हा तवंग. मी घाबरून फोन केला.

"हात बिघडला माझा, काका."

"हात नाही, पाणी. तिकडचं पाणी जड, चुन्याचं. आपलं मँचेस्टरचं हलकं, डोंगरातलं. माझी पत्ती तिथे काय करेल?"

त्यानंतर मी भेटायला गेलो की परतीच्या ट्रेनमध्ये माझ्या सॅकमध्ये दोन मोठ्या बाटल्या असायच्या, मँचेस्टरच्या नळाच्या पाण्याच्या. लग्न झाल्यावर माझी बायको, केतकी, पहिल्यांदा हे बघून म्हणाली, "लोक काशीहून गंगा आणतात, तू हे काय आणतोस?" पण चहा प्याल्यावर तिने कप पुन्हा पुढे केला. फिल्टरचा जग आम्ही घेतला आहे. तवंग येत नाही. तरी तो चहा तो नव्हे.

माणूस कुठल्या पाण्यासाठी झुरेल सांगता येत नाही. करमाळ्याच्या आठवणीने मला हुरहुर लागते, ते समजण्यासारखं आहे. पण संध्याकाळी गाडी पार्क करून घराकडे वळलो की मला त्या मँचेस्टरच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते, काचेवर वाफ धरलेली, आणि डोळे मिटून स्वतःचं मनगट धरून बसलेला एक म्हातारा. वाटतं, दार उघडून आत जावं, त्यांचे ठोके मोजून होईपर्यंत काही न बोलता उभं राहावं.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मला त्यांच्या मागच्या ओट्यावर काहीतरी दिसलं. चमच्यात पिळून ठेवलेली टी-बॅग.

"काका, ते काय?"

"काय? हं. तेच ते. मगमध्ये टाकतो, काढतो. काम भागतं."

"आणि किटली?"

त्यांनी कॅमेऱ्यापासून नजर वळवली. "अरे, नाडी आता तालात नाही राहिली. मध्येच दुडकी, मध्येच दमून बसते. गोळ्या चालू आहेत, जिवाला लगेच धोका नाही म्हणतात. पण मोजायला गेलं की हिशेब लागत नाही. एकदा चहा काढा झाला, एकदा पाणी. घड्याळ बिघडलं, एवढंच."

"भिंतीवरचं आहे ना."

"ते रेल्वे गाठायला. चहाला नाही."

मी म्हणालो, "इकडे या काका. थोडे दिवस राहा आमच्याकडे."

"नको रे," ते म्हणाले. आणि कॉल संपला.

त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी कप कपाटात ठेवला. चार-सहा दिवस गेले. ती टी-बॅग काही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी जेवताना केतकीला सांगितलं. तिने विचारलं, "कितीदा बोलावलंस?"

"एकदा. ते नको म्हणाले."

"आणि त्यांनी तुझ्या बाबांना कितीदा विचारलं होतं?"

मी ताटावरून उठलो, हात धुतले आणि हे पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना पेटीत टाकलं.

तीर्थस्वरूप डॉक्टरकाकांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून लिहितोय. पत्राला मध्येच नको म्हणता येत नाही.

इथे एकदाच विचारतात, हे तुम्ही मला शिकवलंत आणि मी ते पाळत आलो. पण तुम्ही माझ्या बाबांना तीनदा विचारलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यावरून मी असं धरून चाललो आहे की आपल्या माणसांना तो नियम लागू नाही. पहिल्यांदा मी फोनवर विचारलं. हे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा विचारायला येत्या शनिवारी गाडी घेऊन तुमच्या दारात येतोय. तेव्हा निदान 'बरं, अर्धा' म्हणा. अर्धा म्हणजे आठवडाभर. पूर्ण किती, ते आल्यावर ठरवू.

खालची खोली तयार आहे, जिना चढायला लागणार नाही. इथल्या जीपीकडे तात्पुरतं नाव घालता येतं म्हणतात, उद्याच विचारून ठेवतो. जेवणानंतर तासभर आमच्याकडे अजूनही चहा होत नाही, केतकीलाही ती शिस्त लागली आहे. काकूंच्या कुंडीचा फुटवा चांगला फोफावलाय. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत, हे काम आल्यावर तुम्ही घ्या. बश्या आहेत.

किटली आणि टोपी बरोबर घ्या. पाणीही घ्या, डिकीत भरपूर जागा आहे.

टी-बॅग मी पाहिली नाही असं समजा. तुमचं घड्याळ बिघडलं म्हणालात. माझं चालू आहे, आणि ते दुरुस्त तुम्हीच केलेलं आहे. तुम्ही किटलीवर टोपी घाला, माझं मनगट धरा आणि डोळे मिटा. मी हलणार नाही.

तुमचा,
वरच्या खोलीतला